‘महिला शास्त्रज्ञ’ की नुसतेच ‘शास्त्रज्ञ’?

प्रश्न :
एका ज्येष्ठ संशोधक बाईंच्या सत्काराचे मानपत्र लिहीत आहे. मसुद्यात मी ‘ज्येष्ठ महिला शास्त्रज्ञ’ असे लिहिले, तेव्हा समितीतील एका सदस्यांनी ‘महिला’वर काट मारली, ‘पुरुष शास्त्रज्ञ’ असे आपण कधी लिहितो का, हा त्यांचा सवाल. दुसऱ्या सदस्यांच्या मते तो शब्द काढला, तर बाईंनी कोणत्या अडचणींतून वाट काढली हेच पुसले जाईल. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ :
काट योग्यच आहे. मेरी क्यूरी यांना १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ‘दोन नोबेल मिळवणारी पहिली महिला’ हे वाक्य खोटे नाही. पण तोवर कोणाही पुरुषाला दोनदा नोबेल मिळालेले नव्हते, ही त्याहून मोठी गोष्ट त्या एका शब्दाआड झाकली जाते.

प्रतिसाद २ :
मला हे पटत नाही. कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रथम प्रवेश नाकारला, तो त्या स्त्री होत्या म्हणून. नेटाने भांडून त्यांनी अटींसह प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. यातून त्यांचे स्त्री असणे वगळले, तर उरते ती केवळ पदव्यांची यादी.

प्रतिसाद ३ :
‘महिला’ हा शब्द ‘मह्’ या पूजार्थक धातूपासून आला आहे, त्यामुळे त्यात कमीपणा कसला? तरीही नको असेल, तर ‘शास्त्रज्ञा’ हे शुद्ध रूप उपलब्ध आहे.

प्रतिसाद १ :
धातू काहीही असो, शब्दाचा अर्थ आजच्या वापरावरूनच ठरतो. ‘लेखिका’, ‘कवयित्री’ ही रूपे रुळली, कारण लोकांनी ती वापरली. ‘शास्त्रज्ञा’ कोणी म्हणत नाही. ‘पाटलीण’, ‘मास्तरीण’ या शब्दांनी तर कैक वर्षे त्या त्या पुरुषाची बायकोच दाखवली, त्यामुळे स्त्रीलिंगी रूप दिले की सन्मान झाला असे समजू नये. शिवाय ‘त्यांनी शोध लावला’ या वाक्यात कर्ता स्त्री की पुरुष हे क्रियापदावरून कळतच नाही, आणि मानपत्रातील बहुतेक वाक्ये याच घडणीची असतात. ती सोय मराठीने दिलेली असताना विशेषण मुद्दाम का चिकटवावे? कमलाबाईंचा संघर्ष स्वतंत्र वाक्यात सविस्तर सांगावा; तो पदनामात कोंबू नये.

प्रतिसाद २ :
मग ‘दलित लेखक’ या पदनामाचे काय? ते बाहेरून चिकटवलेले नव्हे. अनेक लेखकांनी ते स्वतः, अभिमानाने स्वीकारले, आणि काहींना ते नकोसे वाटले. म्हणून आधी त्या बाईंनाच विचारावे.

प्रतिसाद ४ :
सगळे एका विशेषणावर अडले आहेत. नावाआधी काय लिहिले आहे ते कोणी पाहिले का? बहुधा ‘सौ.’ असेल. संशोधनाचा गौरव करताना वैवाहिक स्थिती सांगण्याचे प्रयोजन मला कळत नाही. ‘डॉ.’ एवढे पुरेसे आहे.

प्रतिसाद ३ :
‘सौ.’ ही आदराची रीत आहे. ती काढली तर घरच्या मंडळींना रुखरुख लागेल.

प्रतिसाद ४ :
सत्कार घरच्या मंडळींचा नाही. आणि ‘श्रीमती’ लिहावे, तर ते विधवेसाठीच असते असे मानणारे आजही कितीतरी आहेत.