पऱ्हाटीतलं लिग्निन आणि हायड्रोपायरॉलिसिस : मराठीत काय म्हणावं?

विचारणा (शिरपूर) :
मंडळी, शेतकरी मेळाव्यासाठी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, पत्रक लिहितोय. काडीला ताठ ठेवणाऱ्या लिग्निनपासून तेल आणि रसायनं काढायची जी ‘कॅटॅलिटिक हायड्रोपायरॉलिसिस’ प्रक्रिया आहे, तिला ‘उत्प्रेरकी जलज्वलन’ म्हटलं तर चालेल का? ‘उत्प्रेरक’ शाळेच्या पुस्तकातला आहे, तो राहू द्यावा म्हणतो.

जळगाव :
जलज्वलन नको भाऊ, दोन्हीकडून चुकतं. इथला ‘हायड्रो’ म्हणजे पाणी नव्हे, हायड्रोजन वायू. गरम पाण्यात दाबाखाली करतात ती हायड्रोथर्मल प्रक्रिया वेगळी. आणि ज्वलन म्हटलं की हवा आली. पायरॉलिसिसमध्ये हवेला मज्जाव असतो. माल पेटत नाही, नुसत्या उष्णतेने त्याचे रेणू तुटतात. म्हणून ‘तापविघटन’.

चोपडा :
यासाठी आपल्याकडे क्रियापद आहे की! कोळसा ‘पाडतात’. बिब्ब्याचं तेलही पाताळयंत्राने पाडायची जुनी रीत आहे. बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यात बिब्बे भरायचे, तोंड चिखलमातीने लिंपायचं, खाली जमिनीत दुसरं भांडं पुरायचं आणि वरच्या मडक्याभोवती गोवऱ्या पेटवायच्या. तेल खालच्या भांड्यात ठिबकतं. हवा बंद, आच बाहेरून. हे तापविघटनच झालं ना?

जळगाव :
हो ताई, तत्त्व तेच, आणि ‘तेल पाडणे’ पत्रकात नक्की यावं. पण या प्रक्रियेचं मर्म हायड्रोजनमध्ये आहे, ते नावात दिसलंच पाहिजे. लिग्निन तापलं की त्याचे तुकडे पडतात, पण ते अर्धवट, एकमेकांना चिकटायला टपलेले. मोकळं सोडलं तर पुन्हा जुळून बराचसा कोळसा होतो. ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखालचा हायड्रोजन त्या तुटक्या टोकांना जाऊन बसतो आणि जुळणी थांबते. निकेल किंवा मोलिब्डेनमसारखा उत्प्रेरक तुकड्यांमधला ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने बाहेर काढायला मदत करतो. माझं मत ‘उत्प्रेरकी हायड्रोजन-तापविघटन’. लांब आहे, पण फसवत नाही.

अमळनेर :
लिग्निनला ‘काष्ठद्रव्य’ म्हणावं का? मुळात लॅटिन ‘लिग्नम’ म्हणजे लाकूडच.

जळगाव :
अर्थ जुळतो, पण लाकडात सेल्युलोजही, म्हणजे तंतूंचा मूळ पदार्थही, भरपूर असतं, मग काष्ठद्रव्य म्हणजे नेमकं कोणतं? ‘लिग्निन’ तसंच ठेवा आणि पुढे एक वाक्य द्या : लाकडातल्या तंतूंना बांधून ताठ ठेवणारा पदार्थ. कपाशीचं झाडच दाखला आहे. बोंडातला कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोज, त्यात लिग्निन नसल्यातच जमा. त्याच झाडाच्या वाळल्या काडीत मात्र साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निन.

धुळे :
भरीताची वांगी पऱ्हाटीवर भाजली की जो वास बसतो, तो लिग्निनचाच ना?

जळगाव :
बराचसा. धुराच्या त्या वासात ग्वायाकॉल नावाचं रसायन असतं आणि ते लिग्निन तुटून येतं. हायड्रोजन-तापविघटनात हेच ग्वायाकॉल पुढे फिनॉलपर्यंत नेता येतं. ऑक्सिजन पुरता काढला तर बेंझिन, सायक्लोहेक्सेन. रंग, रेझिन, प्लास्टिक, नायलॉनच्या धंद्याला लागणारा माल हा. फरदड न घेता, म्हणजे वेचणीनंतर कपाशी तशीच पुढे न ठेवता, रान मोकळं करा, बोंडअळी मोडा, असं सांगितलं की आपल्याकडे काड्या बांधावर पेटवून देतात. म्हणून हे पत्रक लोकांच्या हाती पडावं असं फार वाटतं.

शिरपूर :
मग ‘तेल’ की ‘इंधन’?

जळगाव :
‘जैवतेल’ लिहा, डिझेल मुळीच नको. साध्या तापविघटनातून येणारं तेल आंबट असतं, त्यात पाणी आणि ऑक्सिजन मुरलेला असतो, ठेवलं की दाटतं, डिझेलमध्ये मिसळत नाही. हायड्रोजनने ते सुधारतं, तरी शुद्धीकरण लागतंच. आणि हायड्रोजन महाग असतो, हेही ठळक अक्षरात छापा.