मॉक ड्रिल म्हणजे नुसतं नाटक? मग तालमीशिवाय प्रयोग करून दाखवा

परळची_सिस्टर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट फिरतेय: 'मुंबईला मॉक ड्रिल नकोत. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, रुळांशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमी उचलले, तेव्हा यंत्रणा कुठे होती?' उत्तर लिहिलं तर ॲडमिनने 'राजकारण नको' म्हणून उडवलं. म्हणून इथे.

३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. चादरवाल्यांना माझा नमस्कारच. पण चादर दारात आल्यावर पुढे काय? अशा दिवशी आधी कोण पोचतो, तर ज्याला चालता येतं तो. टॅक्सी करून जवळच्या हॉस्पिटलात येतो. खाटा, ट्रॉल्या, इंटर्न सगळे त्याच्यात अडकतात. ज्याच्या पोटात आतल्या आत रक्त साठतंय तो अर्ध्या तासाने येतो आणि जमिनीवर पडून राहतो. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, गप्प पडलेल्याकडे बघायला शिकावं लागतं. म्हणून दारातच एकाने उभं राहून टॅग लावायचा: लाल म्हणजे आत्ता लगेच, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा चालता-फिरता, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचण्यापलीकडचा. माणशी ३० सेकंद. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. मनगटाला नाडी लागत नाही, लाल. साधं सांगितलेलं कळत नाही, लाल. हे ऐनवेळी सुचत नाही हो.

गिरगावकर७२
ड्रिल बघितलीयत. वेळ आधीच ठरलेली, जखमी हिरवळीवर छान झोपलेले, कपाळाला कुंकवाचं पाणी. फोटो, समोसा, घरी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगरून २३ माणसं गेली. ड्रिल करून पूल रुंद झाला असता का?

आणि २००८ ला कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले तेव्हा सिस्टरांनी गरोदर बायकांना एका खोलीत नेऊन दिवे मालवले. ते कुठल्या ड्रिलमध्ये शिकवलं होतं?

परळची_सिस्टर
नव्हतं शिकवलं. हे तुमचं बरोबर, घ्या. पण कुठली खोली आतल्या अंगाला आहे हे वॉर्डात मुरलेल्या बाईलाच माहीत असतं. आता कंत्राटावरची पोरगी सहा महिन्यांत बदलते, तिला कोण सांगणार?

आमची एक ड्रिल सपशेल फसली होती. जादा स्ट्रेचरच्या खोलीची किल्ली वॉर्डबॉय मामांच्या खिशात आणि मामा रजेवर, चिपळूणला. दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट किल्ली कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमध्ये आली. समोसा मिळाला नाही, पण किल्ली मिळाली.

जुना_इंटर्न
सिस्टर, टॅग कागदावर छान आहेत. एका पेशंटमागे १५ नातेवाईक आणि एक नगरसेवक असताना काळा टॅग लावून दाखवा. मी एकदा नुसतं 'थांबा, आधी त्यांना बघतो' म्हटलं, तर चष्मा फुटला. आजही दारात गलका झाला की हात आधी चष्म्याकडे जातो. ड्रिलमध्ये नातेवाईक का नसतात?

लालबागचा_पोऱ्या
तुमचं टॅग-बिग चालू द्या. मुंबईत कुठेही काही झालं की आमच्या मंडळाची ४० पोरं तासाभरात रक्त द्यायला रांगेत असतात. ड्रिल न करता.

पेढीवाला_ठाणे
नेमकं तेच नका करू, हात जोडतो. अशा रात्री कामाला येतं ते आधीच आमच्या रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये असलेलं रक्त. तुमचं घेतलं की एचआयव्ही, कावीळ बी-सी, मलेरिया, गुप्तरोग, सगळ्या तपासण्या आल्या. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट ५ दिवस. ४० जणांनी एका रात्रीत दिलं की पुढचे ३ महिने ते ४० बाद. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आम्ही फोन करकरून थकतो. तेव्हा मंडळ कुठे असतं?

लालबागचा_पोऱ्या
कोकणात असतं, आंबे खातं! फुकट रक्त द्यायचं आणि वर बोलणी खायची? आमचंच रक्त तुम्ही आम्हालाच विकता, ते बोला आधी.

पेढीवाला_ठाणे
पैसे रक्ताचे नसतात. पिशवी, तपासणी, साठवण यांचे असतात.

गिरगावकर७२
हां, आता आलात मुद्द्यावर. वहिनीच्या बाळंतपणात दोन पिशव्यांसाठी 'आधी दोन डोनर आणा' म्हणून भावाला रात्री दोन वाजता पिटाळलं होतं. बाई आत, हा रस्त्यावर, येईल त्या रिक्षावाल्याला रक्तगट विचारत. हे कुठल्या तपासणीत बसतं?

पेढीवाला_ठाणे
नाही बसत. डोनर आणा मगच रक्त, अशी अट घालायला नको होती. त्यांची चूक. पण अशी वेळ येते कारण फ्रीज रिकामा असतो, आणि तो मे महिन्यातच रिकामा असतो. बाळंतपण कुठल्या महिन्यातलं?

गिरगावकर७२
...मे.

जुना_इंटर्न
माझ्या चष्म्याचं काय ते कोणी सांगेल का?

परळची_सिस्टर
पुढच्या ड्रिलला नातेवाईक म्हणून गिरगावकरांना बोलवा. भांडण शिकवावं लागणार नाही.

लालबागचा_पोऱ्या
पेढीवाले, मे महिन्याचा दुसरा रविवार. गावाला न जाणारे ९ जण निघतील. ४० नाहीत, आधीच सांगतो. आणि बॅनर लावणारच, त्यावर बोलायचं नाही.

पेढीवाला_ठाणे
९ चालतील. बॅनर हवा तेवढा मोठा लावा. फक्त उपाशी पोटी आणू नका कुणाला, मागच्या वेळी तुमचे दोघे चक्कर येऊन पडले होते.