कंपनीतला टोस्टमास्टर्स क्लब गळायला लागलाय, मेंबर टिकवायचे कसे?

गोकुळशिरगावकर
नमस्कार मंडळी. आमची गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगची कंपनी आहे, कंपनीतच टोस्टमास्टर्स क्लब (चारचौघांत भाषण करायचा सराव करतात तो) चालतो आणि यंदा व्हीपी मेंबरशिप, म्हणजे मेंबर आणायचं-टिकवायचं पद, माझ्या गळ्यात पडलंय. चार्टरला, म्हणजे क्लबची अधिकृत नोंदणी व्हायला, २० मेंबर लागतात म्हणून एचआरनं धरून-बांधून माणसं गोळा केली, आता मीटिंगला कशीबशी १० टाळकी, त्यातली निम्मी तेच ते रोल करून कंटाळलेली. आइसब्रेकर (स्वतःची ओळख करून द्यायचं पहिलं भाषण) झालं, अजून एखादं भाषण झालं की माणूस गायब. फी कंपनी भरते त्यामुळं पैशाचं कारण नाही. नवीन आणू का आहेत त्यांच्या मागं लागू? तुमच्यात काय करतायसा?

कागल_फाईव्हस्टार
आधी मीटिंगला येणारे आणि फी भरलेले वेगळे मोजा. रिन्यूअल १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला असतं, क्लब चालू राहायला निदान ८ पेड मेंबर पाहिजेत आणि त्यातले ३ जुने. मार्चएंडला डिस्पॅचची बोंब असते, तेव्हा कोण तुमचा फोन उचलणार, त्यामुळं फेब्रुवारीतच एकेकाला चहाला गाठून विचारायचं. आणि फुकट आहे म्हणून माणूस येतो हे काय खरं नाही बघा, आमच्यात निम्मी फी मेंबर भरतो, लेव्हल वन (भाषणांचा पहिला टप्पा) झाली की कंपनी परत देते. तेव्हापासनं गळती कमी झाली.

तांबडा_पांढरा
फीचं सोडा हो, क्लब इंग्लिशमधेच चालवताय का? मोल्डिंग शॉपचा सुपरवायझर शिफ्टमधे पन्नास माणसं हाताळतोय आणि तुमच्या क्लबात आल्यावर त्याची बोबडी वळतीय. क्लब कुठल्याही भाषेत चालवता येतो, एक आड एक मीटिंग मराठीत घेऊन बघा. टेबल टॉपिक्सला (आयत्या वेळी विषय देऊन बोलायला लावतात ते) पण "माझा आवडता ऋतू" असलं काय देऊ नका, कस्टमरच्या ऑडिटरनं कास्टिंगमधे ब्लोहोल (हवेनं पडलेलं भोक) दाखवला, आता दोन मिनिटांत समजावून सांगा, असं द्या, मग बघा क्वालिटीवाले कसे उठत्यात. शिवाय शिफ्ट सुटल्यावर मीटिंग ठेवत असाल तर विसरा, कंपनीची बस गेल्यावर कोण कसबा बावड्यापर्यंत लिफ्ट मागत बसणार? जेवणाच्या सुट्टीला जोडून तासाभरात उरका.

रंकाळा_वॉकर
वरचं सगळं पटलं, पण दोन भाषणांनंतर माणूस जातोय म्हणजे मला वेगळीच शंका येतीय. इव्हॅल्युएशन, म्हणजे भाषणावर अभिप्राय द्यायचं काम, कोण करतंय? ज्युनिअरचं भाषण आणि समोर त्याचाच मॅनेजर इव्हॅल्युएटर असला की त्या दोन-तीन मिनिटांत त्याला अप्रेझलच दिसतं. साहेब चांगलं बोलले तरी पोरगं डेस्कवर जाऊन हाच विचार करत बसणार की त्यांच्या मनात नक्की काय होतं. आमच्या आधीच्या क्लबात साधा नियम होता, रिपोर्टिंग लाईनमधल्यानं इव्हॅल्युएट करायचं नाही, स्टोअर्सवाल्यानं मेंटेनन्सवाल्याचं करायचं. आणि भाषण झालं की तिथंच पुढच्या भाषणाची तारीख शीटवर टाकून घ्यायची, "बघू नंतर" म्हणाला की गेलाच तो. नवीन मेंबर नंतर आणा, आत्ता आणलात तर तेही ह्याच दारानं बाहेर जातील.

गोकुळशिरगावकर
इव्हॅल्युएटरचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता राव. आमचे प्लांट हेड दर वेळी हौसेनं जनरल इव्हॅल्युएटर (अख्ख्या मीटिंगवर अभिप्राय देणारा) होतात आणि अर्धा तास सगळ्यांची हजेरी घेतात. त्यांना कोण सांगणार आता?

तांबडा_पांढरा
टायमर करा त्यांना. बोलणाऱ्याला वेळ कळावी म्हणून हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवायचं काम, अधिकार पण वाटतोय आणि तोंड पण बंद 😄

रंकाळा_वॉकर
आणि त्यांचं स्वतःचं आइसब्रेकर झालंय का ते आधी बघा. झालं नसलं तर पुढच्याच मीटिंगला नाव घाला.