मत दिल्यानंतर मतदाराच्या हाती काय उरते?

प्रश्न: २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत मी आईला हात धरून मतदान केंद्रावर नेले होते. पुढच्या पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री आणि दोन पक्षांतली फूट पाहिल्यावर ती म्हणते, "शाई लावून घेऊन काय उपयोग?" तिला काय सांगावे?

उत्तर १: आईंचा राग रास्त आहे. पक्षांतरबंदी १९८५ साली आली, २००३ मध्ये एक तृतीयांश आमदारांच्या फुटीचे संरक्षणही काढले गेले. पण अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला आणि ते बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. शिवसेनेतल्या जून २०२२ च्या फुटीचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला, तोवर सरकार सुखाने चालले. माझ्या मते मूळ दुखणे हा विलंबच आहे.

उत्तर २: मला महापालिकांचे अधिक वाटते. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिले. आमच्या शहरातही तेच झाले. गटाराचे झाकण तुटले, तेव्हा अर्जावर पोचशिक्का मिळाला, झाकण मात्र चार महिन्यांनी आले. पूर्वी नगरसेवकाच्या दारात उभे राहून निदान जाब तरी विचारता येत असे.

प्रश्नकर्ता: आईला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. झाकणाचे तिला लगेच पटले.