तारण, मुक्ती, खंडणी, प्रायश्चित्त : ख्रिस्ती मराठीतले सोडवणुकीचे शब्द

विचारणा

मी बँकेत कर्जविभागात आहे. सोनेतारण, जमीनतारण हे शब्द रोज हाताखालून जातात. अलीकडे एका ख्रिस्ती सहकाऱ्याने वाचायला दिलेला मराठी नवा करार वाचते आहे. त्यात 'तारण' जागोजागी येतं आणि अर्थातच ते आमच्या बँकेतलं नव्हे. हा मोक्षाला दिलेला प्रतिशब्द समजायचा का? मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) तर येशू आपला जीव 'खंडणी म्हणून' देतो असं आहे. खंडणी म्हटलं की मला पोलिसांचं पथक आठवतं. या शब्दांमागचा विचार जाणकारांनी समजावून द्यावा.

उत्तर

तारण म्हणजे मोक्ष असं शब्दकोशाच्या एका ओळीत चालून जाईल, पण दोन्ही शब्दांबरोबर येणारी क्रियापदं पाहा. मोक्ष मिळवतात, साधतात. तारण होतं, किंवा माणूस तारण पावतो. इफिसकरांस पत्रात (२:८) वाक्य असं आहे: 'कारण कृपेनेच तुमचे विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.' या वाक्यात माणसाला कर्तेपणाची जागाच ठेवलेली नाही. म्हणून 'मी तारण मिळवलं' असं कोणी म्हटलं, तर चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला ते खटकतं.

दुसरा फरक, सुटायचं कशातून याचा. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून सोडवतो. ख्रिस्ती विचारात तो फेराच नाही, माणसाचा जन्म एकदाच. तिथे सुटका हवी आहे ती पापाच्या आणि मरणाच्या तावडीतून. सुटल्यावर पुढे काय, तर पुनरुत्थान, आणि तेही शरीरासकट. देह म्हणजे टाकून द्यायचं ओझं, ही कल्पना मूळ ख्रिस्ती शिकवणीला मानवत नाही.

तरी तारण हा शब्द मराठी माणसाला परका नाही. भवसागर, तारू, 'तार गा देवा' ही भाषा वारकरी कानांना चांगली ओळखीची आहे. तारणं म्हटलं की तारणारा वेगळा आणि तरणारा वेगळा. ख्रिस्ती शिकवणीला नेमकं हेच अंतर हवं होतं.

आता बँकेबद्दल. बँकेतलं तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, आणि नव्या करारातलं तारण म्हणजे सुटका. दोन्ही अर्थांची गल्लत करू नये. पण तुमच्या कामाशी खरोखरच नातं असलेली कल्पना बायबलमध्ये आहे. ती 'तारण' या शब्दात नसून 'सोडवणे' या क्रियापदात आहे. जुन्या करारात लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात नियम आहे की भाऊबंद कंगाल होऊन त्याने आपली वाडवडिलांची जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने येऊन ती सोडवावी. कर्जापायी तो स्वतः दुसऱ्याच्या घरी राबायला गेला, तर त्यालाही सोडवावं. असं सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रूत 'गोएल' म्हणतात.

जुन्या करारातल्याच रूथच्या गोष्टीत हा गोएल डोळ्यांपुढे उभा राहतो. रूथ मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली, आणि विधवा. सासूचा हात धरून ती बेथलेहेमला आली आहे. तिच्या सासरचा नातलग बवाज गावाच्या वेशीत जाऊन बसतो आणि दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवतो. त्याच्याहून जवळचा एक नातलग आहे, पहिला हक्क त्याचा. जमीन सोडवायला तो आधी तयार होतो. जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी येते म्हटल्यावर आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून माघार घेतो, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे पायातलं पायतण काढून बवाजच्या हातात देतो. हक्क सोडल्याची खूण ती. मग बवाज सगळ्यांसमक्ष जाहीर करतो की मी सोडवतो.

जुन्या करारातल्या, दुःखाने पोळलेल्या ईयोबाच्या तोंडीही हाच शब्द आहे: 'माझा उद्धारक जिवंत आहे' (१९:२५). तिथेही मूळ हिब्रूत गोएलच. म्हणजे उद्धारक कोणी त्रयस्थ उपकारकर्ता नव्हे, तो नात्यातला हवा. देव माणूस झाला या ख्रिस्ती श्रद्धेला यातून एक अर्थ येतो: सोडवायचा हक्क मिळावा म्हणून देव आपल्या भाऊबंदकीत आला. इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय सबंध या विचारावर उभा आहे. हा मुद्दा हातातून निसटला तर 'उद्धार' हा शब्द वरून खाली केलेल्या दयेसारखा ऐकू येतो. मराठीत पतितोद्धार वगैरे शब्दांना तो वास लागलेलाच आहे.

पुढचा प्रश्न

गोएल समजला. पण खंडणी? आणि ती दिली कोणाला?

उत्तर

जुन्या मराठीत खंडणी हा राज्यव्यवहारातला शब्द होता. जिंकलेल्या किंवा वेढलेल्या ठिकाणाहून ठरवून घेतलेली रक्कम, ती भरली की स्वारी टळायची. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांकडे मागितली ती खंडणी. गुन्हेगारीचा अर्थ वर्तमानपत्रांतून आता इतका घट्ट बसला आहे की तरुण वाचक मार्कच्या त्या ओळीवर अडखळणारच. मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन'. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवून आणण्यासाठी मोजलेली किंमत, असा त्याचा अर्थ. पहिल्या शतकातल्या श्रोत्याला हा बाजारातला शब्द ठाऊक होता, कारण गुलाम त्याच्या घरात किंवा शेजारी होते.

किंमत कोणाला दिली, यावर चर्चचे मोठमोठे विचारवंत शतकानुशतकं भांडले आहेत. तिसऱ्या शतकात ओरिगेनच्या लिखाणात उत्तर दिसतं ते सैतानाला. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी हे चित्र आणखी रंगवतो: येशूचं माणूसपण हे गळाला लावलेलं आमिष, आत देवपणाचा गळ, सैतानाने आमिष गिळलं आणि अडकला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे असह्य झालं. दरोडेखोराला खंडणी, आणि तीही साक्षात देवाची, ही कल्पनाच त्याला लाजिरवाणी वाटली. बरं, पित्याला दिली म्हणावं, तर आपण पित्याच्या कैदेत कुठे होतो? असा त्याचा बिनतोड सवाल आहे.

पुढे १०९८च्या सुमारास कँटरबरीच्या अन्सेल्मने हिशेबच बदलला. सैतानाचं देणं काहीच नाही. माणसाने देवाचा मान मोडला आणि ते ऋण फेडण्याची ऐपत माणसात नाही, म्हणून जो माणूसही आहे आणि देवही आहे त्यानेच ते फेडावं. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी ऋणाच्या जागी शिक्षा आणली: आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली. स्वीडनचा गुस्ताफ औलेन याने १९३१मध्ये वाचकांना पुन्हा जुन्या काळाकडे नेलं आणि क्रुसाला पाप, मरण व सैतान यांच्यावरचा विजय म्हटलं.

माझा कल नाझियान्झसच्या ग्रेगरीकडे आहे. खंडणी या शब्दातून किंमत तेवढी घ्यावी, घेणारा हुडकत बसू नये. आजच्या खंडणीत घेणारा दांडगा आणि देणारा हतबल असतो. मार्कच्या वाक्यात देणारा आपण होऊन देतो, आणि त्याच दमात 'सेवा करायला आलो' असंही म्हणतो. नव्या वाचकासाठी लिहिताना मी 'सुटकेचं मोल' असं लिहीन. शास्त्रवाचनात मात्र 'खंडणी' राहू द्यावी. अडखळल्यामुळेच तर तुम्ही इथे विचारलंत.

वसईहून एक भर

आमच्या कॅथलिक घरांत 'तारणारा' आणि 'मुक्तिदाता' दोन्ही चालतात. गोव्याकडचे नातेवाईक कोकणीत 'सोडवणदार' म्हणतात. वरच्या उत्तरातला गोएल अगदी जसाच्या तसा त्या शब्दात आहे. मुक्ती या शब्दाचं वावडं आपल्याकडे कधीच नव्हतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला नावच 'मुक्ती' दिलं. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सनी गोव्यात ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं, त्यात स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलेलं आहे. शब्द कुणाच्या मालकीचा नसतो, असं त्यांनी मानलं असणार.

एक शंका मात्र माझीही आहे. ईस्टरच्या जागरणविधीत मोठी मेणबत्ती पेटवल्यावर जे स्तुतिगान गातात, त्यात आदामाच्या पापाला 'धन्य अपराध' म्हटलं आहे, असा थोर तारणारा ज्याच्यामुळे लाभला. लॅटिनमध्ये 'फेलिक्स कुल्पा'. मग वाईट हे देवाच्या योजनेतच होतं का?

उत्तर

ते गाणं आहे, सिद्धांत नव्हे. आनंदाच्या भरात काढलेला तो उद्गार आहे. वाईट चांगलं होतं असं त्यात म्हटलेलं नाही. देव वाइटातूनही चांगलं काढू शकतो, एवढंच म्हटलं आहे. दोहोंत फार अंतर आहे, आणि ते सांभाळलं नाही तर दुसऱ्याच्या दुःखावर आपण भलतंच समाधान चिकटवून मोकळे होतो.

मराठीत आपण 'चांगलं-वाईट' एका जोडीत बोलतो, जणू दोन सारख्याच वजनाच्या वस्तू. ऑगस्टीन (३५४ ते ४३०) तरुणपणी नेमकं हेच मानणाऱ्या मानी पंथात होता: प्रकाशाचं राज्य आणि अंधाराचं राज्य, दोन्ही अनादी. पुढे त्याने ते सोडलं आणि वाइटाची अशी व्याख्या केली की वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याचा अभाव आहे. कापडाला पडलेल्या भोकासारखं. कापड नसेल तर भोकही नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव आपण केलेलं सगळं पाहतो, आणि ते फार चांगलं असतं. वाईट त्यानंतर येतं. सैतानसुद्धा या हिशेबात देवाचा बरोबरीचा शत्रू नाही, तो निर्माण केलेला आणि बिघडलेला जीव आहे. हिब्रूत 'सातान' म्हणजे विरोधक, आरोप करणारा.

यावरून येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतल्या एका जागेकडे लक्ष वेधतो, मला ती फार प्रिय आहे. 'आम्हांला वाइटापासून सोडव.' मूळ ग्रीक शब्द 'पोनेरू' अशा विभक्तीत आहे की तो नपुंसकलिंगी धरला तर 'वाईट गोष्ट' आणि पुल्लिंगी धरला तर 'तो दुष्ट' म्हणजे सैतान. चौथ्या शतकातला नामवंत प्रवचनकार क्रिसोस्तोम याने दुसरा अर्थ घेतला, ऑगस्टीनचा ओढा पहिल्याकडे. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने व्यक्तीचा अर्थ धरला आहे. आणि आपली मराठी पाहा: 'वाइटापासून' हे सामान्यरूप पुल्लिंगात आणि नपुंसकलिंगात एकच! ग्रीकमधली संदिग्धता मराठीत आयती उतरली. 'सैतानापासून' केलं तर अर्थाचा एक दरवाजा बंद होतो, 'वाईटपणापासून' केलं तर दुसरा. जसं आहे तसंच राहावं.

त्याच प्रार्थनेत थोडं आधी 'आमची ऋणे आम्हांस सोड' आहे. आधी सोड, मग सोडव. ऋण सोडायचं ते देवाने, आणि तावडीतून सोडवायचंही त्यानेच.

आणखी एक प्रश्न

पाप-पुण्य ही जोडी आहेच. मग ख्रिस्ती मराठीत पुण्य हा शब्द इतका कमी का दिसतो?

उत्तर

कारण पुण्य साठतं, आणि साठ्याच्या हिशेबावर माणूस देवापुढे उभा राहू शकत नाही, ही प्रॉटेस्टंट शिकवणीची मूळ भूमिका आहे. तिथे पापाच्या समोर 'नीतिमत्त्व' येतं, आणि तेही कमावलेलं नाही, 'नीतिमान ठरवलं' गेल्यामुळे आलेलं. कॅथलिक परंपरेत सत्कृत्यांना जागा आहे, पण तिथेही आरंभ कृपेचाच.

पाप या शब्दाखालीही वेगळं चित्र आहे. हिब्रू 'हाता' आणि ग्रीक 'हामार्तिया' या दोन्हींत नेम चुकण्याचा अर्थ आहे. शास्त्यांच्या पुस्तकात (२०:१६) सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचं वर्णन येतं: केसावर दगड मारला तरी न चुकणारे. तिथलं 'चुकणे' हे हिब्रूतलं पापाचंच क्रियापद. मराठीतही नेम चुकतो आणि वाट चुकते, पण पाप मात्र 'घडतं' किंवा 'लागतं'. विटाळासारखं लागलेलं पाप धुऊन जातं. वाट चुकलेल्याला मात्र कोणीतरी शोधायला जावं लागतं.

प्रायश्चित्ताचं तर पूर्ण उलटंपालटं झालं आहे. एरवी ज्याने पाप केलं तो प्रायश्चित्त घेतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२) ख्रिस्ताविषयी म्हटलं आहे की तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. 'घेतो' जाऊन 'आहे' आलं. इतकं मोठं उलटवणं एका छोट्या क्रियापदात झालेलं मराठीत मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

शेवटचा प्रश्न

सगळं त्यानेच केलं, तर माणसाने करायचं काय?

उत्तर

पश्चात्ताप. पण हा शब्द मराठीत अर्ध्यावर थांबतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणं, हळहळ. हिब्रू 'शूव' म्हणजे मागे वळणं, ग्रीक 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणं. हळहळून जागेवरच बसलेल्या माणसाचा मराठीत पश्चात्ताप पूर्ण होतो, बायबलमध्ये नाही. म्हणून शिकवताना 'मागे फिरणे' हे शब्द जोडीला घ्यावेत.

लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय पाहा. जकातदारांचा मुख्य, ठेंगणा, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला आधी खाली बोलावतो, आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो, आणि लोक कुरकुरतात. जक्कयने तोवर काही सोडलेलं नाही. मग तो उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. क्रम ध्यानात घ्या: कृपा आधी, परतफेड नंतर, पण परतफेड होतेच, आणि ती आकड्यांत होते.

त्यावर येशूचं वाक्य आहे, 'आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.' तारण सबंध घराला, तेही आज, माणसं जिवंत असताना, ज्यांचे पैसे बुडाले होते त्यांच्या हातात पैसे परत जाणार असताना. या वाक्यात तारण काढून मोक्ष घालून वाचा. बसत नाही.