विषय: मनोरमाबाईंचा कार्यक्रम – पैसे नक्की कसे पाठवायचे (पुन्हा)

प्रेषक: माई (ग्रंथालय)

सगळ्यांना नमस्कार,
आपल्या रॉचेस्टरच्या (अमेरिका) मंडळाच्या, पंडिता रमाबाईंची लेक मनोरमाबाई यांच्यावरच्या कार्यक्रमासाठी हॉल मिळाला, माइक मिळाला, वडे कोण तळणार तेही ठरलं. राहिले ते पैसे. रविवारच्या बैठकीत खजिनदार "बघू" म्हणाले आणि उठले. बघू म्हणजे कधी? दौंडजवळच्या अंध मुलींच्या शाळेला मी शब्द दिलाय. त्यांना ब्रेलचा जाड कागद हवाय, आणि शाळा जूनमध्येच सुरू झालीय.
मंडळाच्या खात्यातून सरळ वायर करायला अडचण काय आहे, ते एकदा लिहून कळवावे.
माई

---

प्रेषक: खजिनदार

माई, लिहूनच देतो, म्हणजे पुन्हा बैठकीत विषय नको.
मंडळ इथली नोंदणीकृत संस्था आहे, त्यामुळे आपला पैसा भारताच्या दृष्टीने परदेशी. तो घ्यायचा तर शाळेकडे एफसीआरएची, म्हणजे भारताच्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी तरी हवी, नाहीतर सरकारची पूर्वपरवानगी. शिवाय 2020 च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. शाळा दौंडची असो की दापोलीची, खातं दिल्लीत. शाळेच्या क्लार्कशी बोललो. त्यांच्याकडे नोंदणी नाही. आपण वायर केली तर गोत्यात ते येतील.

---

प्रेषक: बापू

अहो, इतकं अवघड कशाला करता! पुण्यातल्या एखाद्या मोठ्या नोंदणीवाल्या संस्थेला द्या, ती शाळेला देईल. भूकंपाच्या वेळी आपण असंच केलं होतं.
आणि पत्रकात नुसतं "केडगाव" लिहू नका. लोक नगरचं केडगाव समजतात. हे पुणे-दौंड लाइनवरचं, यवतच्या पुढचं, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. माझं आजोळ तिथलं. स्टेशनवर उतरलं की टांगेवाला विचारायचा, "गावात की मुक्तीत?" इतकं ते वेगळं जग होतं. आजी मुक्तीतल्या मुलींकडून लेस विकत घ्यायची, आणि घरी आल्यावर वर आंघोळही करायची. दोन्ही खरं आहे.

---

प्रेषक: खजिनदार

बापू, भूकंपाला तीस वर्षं झाली. 2020 पासून एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नोंदणी असली तरी नाही.

---

प्रेषक: नाट्यसमिती

पैशांचं चालू द्या. पण कार्यक्रमपत्रिकेत "पंडिता रमाबाई व त्यांची कन्या" असं का? एकांकिका आम्ही मनोरमाबाईंवर बसवतोय. रमाबाईंवर 2 वेळा झालीय, आणि दोन्ही वेळा मनो हे पात्र म्हणजे कडेवरची बाहुली.
ही बाई आपल्या गावची आहे हो! इथल्या, रॉचेस्टरजवळच्या नॉर्थ चिलीच्या चेस्ब्रो सेमिनरीत शिकली. तीच आजची रॉबर्ट्स वेस्लियन युनिव्हर्सिटी. आपली निम्मी मुलं तिथे पोहायला जातात. रमाबाई 1898 मध्ये अमेरिकेत आल्या तेव्हा लेक इथे शिकत होती. मंडळातल्या किती जणांना हे ठाऊक होतं, हात वर करा.
पहिला प्रवेश आम्ही 1886 चा घेतलाय. डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला येतात, आणि पुढे पाचेक वर्षांच्या पोरीला परत इंग्लंडला, वाँटेजच्या नन्सकडे पाठवून देतात. आई अमेरिकाभर व्याख्यानं देत पैसे उभे करणार, विधवा मुलींच्या शाळेसाठी. स्वतःची मुलगी समुद्रापलीकडे. या प्रवेशात आईला एकही वाक्य नाही. कुणाला काही सुचवायचं असेल तर तालमीला या, मेलवर नको.

---

प्रेषक: सभासद, पिट्सफर्ड

मी मेलवरच सुचवतो. धर्मांतराचं काय? 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे त्या विधवा मुलींच्या शाळेत, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून केसरीनं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे लोक सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हे एकांकिकेत नाही, पत्रिकेतही नाही. मंडळाच्या बॅनरखाली एकच बाजू नको. लोकमान्यांना खलनायक करणार असाल तर मी खुर्च्या लावायला येणार नाही.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)

1893 मध्ये मनो बारा वर्षांची होती. तिच्याकडून कसला खुलासा हवाय?
वाद जरूर घाला, रमाबाईंवर घाला, त्या समर्थ होत्या. कार्यक्रम मात्र त्यांचा नाही. त्याच 1893 मध्ये सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, तेही सांगा मग.
मला बोलायचंय ते नंतरच्या मनोरमाबाईंवर. इथे शिकून ही मुलगी परत गेली तेव्हा केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींची रीघ होती. 1896-97 चा दुष्काळ, मग 1900 चा. उपासमारीनं, आजारानं खंगलेल्या. त्यांत अंध मुलीही होत्या. मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी, दौंड तालुक्यात! त्या काळी डोळस मुलगी वाचायला बसली तरी लोक नावं ठेवायचे. पुढे शारदा सदनच्या मुख्याध्यापिका झाल्या, शिवाय निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला 1912 च्या सुमारास हायस्कूल काढलं तेही सांभाळलं. 1921 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेल्या. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, एप्रिल 1922.
आईच्या प्रत्येक चरित्रात शेवटच्या प्रकरणात एक परिच्छेद, एवढीच या बाईची जागा आहे. म्हणून कार्यक्रम, आणि म्हणून ब्रेलचा कागद. लेझीम पथकाचे टी-शर्ट नव्हेत.

---

प्रेषक: लेझीम पथक

टी-शर्टचा विषय कुठून आला? ते बजेट एप्रिलमध्येच मंजूर झालंय. मिनिट्स काढून बघा.

---

प्रेषक: बापू

मग माझ्या भाच्याच्या खात्यात टाकू. तो दौंडला असतो, शाळेत नेऊन देईल. घरातला व्यवहार.

---

प्रेषक: खजिनदार

बापू, नाही. पैसा मुळात परदेशी असेल तर मध्ये किती हात बदलले याला अर्थ नाही, तो परदेशीच धरतात. भाच्याला कशाला अडकवताय?
एक रस्ता आहे, रात्री वाचत बसलो होतो. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, थेट शाळेला पाठवले तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. ग्रीन कार्ड असलं तरी चालतं. शाळेनं पासपोर्टची प्रत ठेवायची, बस. ओसीआरवाले मात्र, म्हणजे इथलं नागरिकत्व घेतलेले, मी धरून, परदेशी.

---

प्रेषक: सभासद, ब्रायटन

ओसीआर नाही, ओसीआय.
आणि असं वैयक्तिक दिलं तर इथे करात वजावट नाही, कंपनीचं मॅचिंगही नाही. मंडळाला दिलं तर दोन्ही मिळतं. माझी कंपनी डॉलरला डॉलर देते, म्हणजे तुमच्या रस्त्यानं शाळेला निम्मंच पोचणार. विचार व्हावा.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)

निम्मं पोचलेलं चालेल. सगळं इथे खात्यात पडून राहिलेलं नको.

---

प्रेषक: सभासद, पिट्सफर्ड

वस्तू पाठवल्या तर? पर्किन्सचं ब्रेल टाइपरायटर इथून विकत घेऊ. मी डिसेंबरमध्ये जातोय, बॅगेत नेतो. पाचेक किलो तर असतं.
(खुर्च्यांबद्दल जे लिहिलं ते एकांकिकेपुरतं होतं.)

---

प्रेषक: खजिनदार

मंडळानं संस्थेला दिलेली वस्तूही त्याच कायद्यात येते. कस्टमचं वेगळंच. हौस म्हणून नेऊ नका.

---

प्रेषक: सचिव

गेले चार दिवस हेच चाललंय म्हणून ठरवून टाकते. अध्यक्षांशी बोलले आहे.
भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या खात्यातून थेट शाळेला पाठवावे. खातं क्रमांक लिस्टवर येणार नाही, माईंना फोन करा. बाकीच्यांनी मंडळाला चेक द्यावा. ती रक्कम वेगळी राहील आणि नोंदणी असलेली, अंध मुलांसाठी काम करणारी संस्था खजिनदार शोधतील. दिल्लीच्या खात्याचा तपशील कागदावर आल्याशिवाय एक डॉलर हलणार नाही. देणगीपेटीत आधीच जमलेली रक्कम दुसऱ्या भागात, म्हणजे मंडळाच्या चेकांबरोबर. पेटी मंडळाची आहे, त्यामुळे ती आता कुणाच्या वैयक्तिक खात्यात परत काढता येणार नाही. माई, माफ करा, त्याला इलाज नाही.
पत्रिकेत "मनोरमाबाई" एवढंच नाव मोठ्या अक्षरात. आईचं नाव खाली, परिचयात. 1893 वर पिट्सफर्डच्या काकांनी पाच मिनिटं बोलावं. सहाव्या मिनिटाला मी माइक घेईन.

---

प्रेषक: नाट्यसमिती

पाच मिनिटं कुठून? आमची 40 ठरली होती.

---

प्रेषक: सभासद, पिट्सफर्ड

सात तरी द्या. रानड्यांचं राजीनामापत्र पाचात कसं बसेल?

---

प्रेषक: बापू

सचिवबाई, माझा पासपोर्ट भारतीयच आहे, पण मुदत मार्चमध्ये संपली. न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळत नाही. मी कुठल्या भागात?

---

प्रेषक: खजिनदार

बापू, फोन करा.