मदत हवी आहे: जुन्या कापणी यंत्राचं चालतं मॉडेल, काडं कापलीच जात नाहीत

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला अठरा दिवस राहिलेत आणि आमचं मॉडेल अडून बसलंय. मी बँकेत नोकरी करते, यंत्रातलं मला काही कळत नाही. घरात सुतारकामाची हत्यारं आहेत आणि शेजारच्या काकांकडे वेल्डिंग आहे, तेवढंच भांडवल.

दिवाळीनंतर आमच्याकडे (इगतपुरीच्या बाजूला) भाताला रीपर आला होता. लेक बांधावर बसून त्याचे पुढचे दात बघत होती. हे पहिल्यांदा कोणी केलं, असं तिने विचारलं आणि शोधता शोधता आम्ही १८३१ च्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पोचलो. सायरस मॅकॉर्मिकचं घोड्याने ओढायचं यंत्र. तिला तेच हवंय, पण शोभेचं नको. ढकललं की कापलं पाहिजे, असा तिचा हट्ट आहे आणि मला तो पटतो.

आतापर्यंत झालेलं काम असं:

लाकडी फळी, तिच्या एका बाजूला २० सेंमी व्यासाचं मुख्य चाक. चाकाच्या आसावर भंगारातून आणलेला ६४ दात्यांचा गिअर, तो १६ दात्यांच्या गिअरला फिरवतो. त्यावर क्रँक, पिन मध्यापासून साडेबारा मिमीवर. म्हणजे पातं २५ मिमी डावीकडे, २५ मिमी उजवीकडे असं सरकतं. मूळ यंत्रात सरळ, करवतीसारखं दातेरी पातं होतं असं वाचलं, म्हणून हॅकसॉ ब्लेड पट्टीवर बसवलं. त्याच्यासमोर सायकलच्या तारा, दर पाच सेंमीवर एक. भाताची काडं थर्मोकोलमध्ये भोकं पाडून उभी केली.

आता अडचण. काड वाकतं, पात्याबरोबर सरकतं आणि तारेवर जाऊन टेकतं. कापलं तर एकाच दिशेला जाताना थोडंसं. चार-पाच काडं एकत्र आली की सगळं जाम. कधी थर्मोकोलमधून काडच उपटून येतं. लेक काल रात्री न जेवता झोपली.

कोणाला यातलं माहीत असेल तर कृपया सांगा. त्या लोकांनी पुढे काय काय बदललं, तेही हवंय. तिला तक्त्यावर ते दाखवायचंय.

---

प्रतिसाद: शेताच्या_वाटेने

ताई, हॅकसॉ ब्लेड लोखंडासाठी असतं, काडाला नाही. धारदार पातं लावा, काम होईल. घरातला विळा काडाला किती सहज लागतो बघा.

---

धागाकर्ती:

दादा, तेही करून पाहिलं. कटरची नवी ब्लेडं लावली. थोडा फरक पडला, पण वाकून सरकणं तसंच आहे.

तुमच्या विळ्यावरून सासूबाईंना विचारलं. त्यांनी विळा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला डावा हात कुठाय?" मग त्यांनी दाखवलं. डाव्या हाताने काडांची मूठ आवळून धरली, अगदी बुंध्याशी, आणि उजव्याने विळा स्वतःकडे ओढला. मूठ सोडून नुसता विळा मारला तर काड लवतं. लेकीने दहा वेळा दोन्ही करून पाहिलं. धार तीच, विळा तोच.

तर आता माझा प्रश्न बदललाय. यंत्राला डावा हात कुठून आणायचा?

---

प्रतिसाद: लेथवाला

तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. सगळी गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली.

मी गेली बावीस वर्षं हार्वेस्टर आणि रीपरचे कटर बार (पुढची कापणारी पट्टी) दुरुस्त करतोय. यंत्राचा डावा हात म्हणजे पात्याच्या पुढे येणारी बोटं, आम्ही फिंगर किंवा गार्ड म्हणतो. काड पात्याबरोबर सरकायला लागलं की बोट त्याला अडवतं, आणि मग पातं त्याला बोटाच्या कडेवर दाबून कापतं. कात्रीची एक बाजू फिरती, एक स्थिर. तुमच्या तारा गोल आणि लवचीक आहेत, कड नाही. काड त्यांच्यावरून घसरणारच.

आता एकेक घ्या.

बोटांमधलं अंतर. पातं सरकतं २५ मिमी आणि तारा आहेत ५० मिमीवर. म्हणजे मधली कित्येक काडं कुठल्याच बोटापर्यंत पोचत नाहीत, नुसती पुढेमागे झुलतात. पात्याचा फेरा (एका बाजूचं सरकणं) आणि दोन बोटांमधलं अंतर सारखं ठेवा. आजच्या बहुतेक कटर बारवर दोन्ही ७६.२ मिमी असतं. तुमच्यासाठी दोन्ही २५. आणि जोडताना हे नक्की बघा की फेऱ्याच्या दोन्ही टोकांना पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर येतो. याला रजिस्टर म्हणतात. हे चुकलेलं यंत्र माझ्याकडे आलं की मालक "ब्लेड बोथट झालं" म्हणून आणतात, आणि ब्लेड चांगलं असतं.

वेग. हे तुमचं मुख्य दुखणं आहे असं मला वाटतं. चाकाचा घेर धरा ६३ सेंमी. गिअर चौपट. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात यंत्र जवळजवळ १६ सेंमी पुढे जातं, आणि एका फेऱ्यात पातं दोनदा सरकतं, म्हणजे दर सरकण्याला ८ सेंमी. तुमचं पातं पुढे किती आलेलं आहे? दोन-अडीच सेंमी? उरलेल्या साडेपाच सेंमीतली काडं कापण्याआधीच ढकलली जातात. आणखी एक ४८ ला १६ ची जोडी घाला, एकूण बारापट होईल. मग दर सरकण्याला साधारण २६ मिमी. जुन्या यंत्रांतही पात्याचा वेग घोड्याच्या चालीवर होता, कारण सगळी ताकद जमिनीवरच्या चाकातूनच यायची. घोडा रेंगाळला की पातं रेंगाळायचं आणि पीक अडकायचं.

चाक. बारापट केलंत की चाक फिरायच्या ऐवजी घसटत जाईल, आत्ताच सांगून ठेवतो. चाकाच्या धावेवर आडव्या पट्ट्या ठोका आणि वजन त्या चाकावर येऊ द्या. जमिनीने चाकाला धरलं पाहिजे.

हॅकसॉवरून एक गंमत. त्याचे दात एकाच बाजूला कललेले असतात, म्हणून तुमचं एकाच दिशेला कापतं. ब्लेडचे दोन-दोन इंचाचे तुकडे करा आणि आलटूनपालटून उलटे बसवा.

---

प्रतिसाद: जुनी_पानं

लेथवाल्यांचा शेवटचा मुद्दा वाचून आनंद झाला, कारण मॅकॉर्मिकनेही हेच केलं. त्याच्या पहिल्या पात्याचे दात एकाच बाजूला कललेले होते. १८४५ च्या पेटंटमध्ये त्याने दातांची दिशा आलटूनपालटून उलटी केली. चौदा वर्षं लागली त्याला. तुमच्या लेकीला अठरा दिवसांत जमतंय.

तक्त्यासाठी थोडं लिहितो. माझं कळकळीचं सांगणं आहे की तक्त्यावर एकट्या मॅकॉर्मिकचं नाव टाकू नका.

ओबेड हसी नावाचा माणूस होता. त्याने जुलै १८३३ मध्ये ओहायोत आपलं यंत्र चालवून दाखवलं आणि ३१ डिसेंबर १८३३ ला पेटंट मिळवलं. मॅकॉर्मिकने यंत्र १८३१ मध्ये चालवलं, पण पेटंट जून १८३४ चं. पात्याच्या बाबतीत हसी सरस होता. त्याने एका पट्टीवर त्रिकोणी पाती ओळीने रिव्हेट केली आणि ती खाचा असलेल्या बोटांमधून मागेपुढे खेळवली. तुमच्या लेकीने बांधावरून रीपरचे जे दात पाहिले ते या हसीच्या घराण्यातले. अडचण अशी की ओल्या पिकात खाचेत चोथा भरायचा आणि पातं जाम व्हायचं. १८४७ मध्ये त्याने बोटांची वरची बाजू मागच्या भागात उघडी ठेवली, म्हणजे अडकलेलं वर निघून जाईल. माझ्या मते त्या काळातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे, आणि दिसायला किती साधी.

मॅकॉर्मिककडे बाकीची मांडणी चांगली होती. उभं पीक पात्याकडे लवून आणणारा फिरता पंखा, कापायच्या आणि ठेवायच्या पिकाची फारकत करणारी बाजूची पाचर, कापलेलं पडायला फळी, आणि घोडा पिकात न शिरता बाजूने ओढेल अशी जुंपण. फळीवरचं पीक मात्र एक माणूस शेजारून चालत दाताळ्याने खाली ओढायचा. पुढे त्याला बसायला जागा केली.

आणि जो अँडरसन. मॅकॉर्मिकांच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबणारा कृष्णवर्णीय माणूस, जो हे यंत्र घडवताना सायरसच्या बरोबरीने कामाला होता. त्याआधी सायरसचे वडील रॉबर्ट कित्येक वर्षं असंच यंत्र करू पाहत होते आणि त्यांना ते साधलं नाही. ही दोन्ही नावं तक्त्यावर असावीत.

तुमच्या थर्मोकोलवरून मला स्कॉटलंडचा पॅट्रिक बेल आठवला. धर्मोपदेशक व्हायला शिकत असलेला शेतकऱ्याचा मुलगा. बागेतली कात्री पाहून त्याला कल्पना सुचली. लोकांनी बघू नये म्हणून त्याने बंद कोठारात माती पसरली, पेंढीतली ओटची काडं एकेक करून त्या मातीत रोवली, आणि दार लावून यंत्र स्वतः ढकललं. काडं कापली गेली, पण कशीही अस्ताव्यस्त पडली. मग त्याने पात्यामागे फिरतं कापड बसवलं, जे पीक एका बाजूला नीट नेऊन टाकी. १८२८ मध्ये पहिली खरी चाचणी त्याने भावाला सोबत घेऊन रात्री केली. त्याने पेटंट घेतलंच नाही. यंत्र सगळ्यांना वापरता यावं, ही त्याची इच्छा होती.

तुम्हीही थर्मोकोल सोडा आणि माती घ्या.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. सहा दिवस लिहिलं नाही कारण रोज संध्याकाळी काम चाललं होतं.

पत्र्याच्या ट्रेमध्ये चिकणमाती भिजवून चोपली आणि लेकीने चाळीस काडं एकेक रोवली. बेलचं वाचल्यापासून ती हे काम कोणालाही करू देत नाही. शेजारच्या काकांनी पट्टीची अकरा बोटं कापून दिली, प्रत्येकाची कड कानशीने धारदार केली, २५ मिमीवर वेल्ड केली. रजिस्टर आधी चुकलं होतं, जवळजवळ ४ मिमीने. क्रँकचा दांडा तेवढा कमी केला. दुसरी गिअरजोडी घातली आणि सांगितल्याप्रमाणे चाक लगेच घसटायला लागलं! धावेवर सायकलच्या टायरचे तुकडे आडवे ठोकले, वर दोन विटा ठेवल्या.

पहिल्या ढकलण्यात चाळीसपैकी सव्वीस कापली. काप कसा आलाय ते बघायला लेकीने एकेक बुंधा बोटाने चाचपला. कापलेले सगळे बुंधे एका उंचीचे होते, आणि न कापलेली चौदाही एकाच ठिकाणी, टोकाच्या बोटाबाहेर. तिथे पाचर नव्हती. लाकडाची पाचर बसवली, तर तेहतीस.

मग सासूबाई म्हणाल्या, सकाळच्या दवातली काडं घेऊन बघा. घेतली. नऊ कापली आणि जाम.

---

प्रतिसाद: लेथवाला

शाब्बास! ओल्यावर जाम होणं हे तुमच्या यंत्राचं अपयश समजू नका. जुलै १८५१ मध्ये इंग्लंडात एसेक्समधल्या टिपट्रीला दोन्ही यंत्रांची परीक्षा झाली, तेव्हा पीक हिरवट आणि ओलं होतं आणि हसीचं यंत्र तिथे अडलं. मॅकॉर्मिकचं चाललं आणि त्या वर्षीच्या लंडनच्या प्रदर्शनाचं मोठं पदकही त्यालाच मिळालं.

बोटांचा फोटो टाका. माझा अंदाज आहे की काकांनी खाच मागेपर्यंत बंद ठेवलीय.

---

धागाकर्ती:

हो, बंदच आहे. पातं वर उचलू नये म्हणून वरून पट्टी लावली होती.

---

प्रतिसाद: लेथवाला

ती पट्टी मागच्या अर्ध्या भागातून कापून काढा. पुढचं टोक राहू द्या, ते काड धरतं. पातं दाबून ठेवायला दोन टोकांना आणि मध्ये एक अशा तीन क्लिपा पुरतील. पातं बोटाच्या कडेला पुढून टेकलेलं हवं, मागे कागद जाईल इतकीच फट. जास्त फट राहिली की ओलं काड कापलं न जाता दुमडून आत शिरतं.

---

धागाकर्ती:

काल रात्री पट्टी कापली. आज सकाळी सहा वाजता दवातली चाळीस काडं रोवली. एकतीस कापली आणि जाम झालं नाही. पात्यामागे हिरवा चोथा वर येऊन पडत होता, तो लेकीने कागदाच्या पुडीत ठेवलाय. तक्त्यावर हसीच्या नावाखाली चिकटवणार म्हणते.

तक्त्यावर पाच नावं आहेत: बेल, हसी, रॉबर्ट आणि सायरस मॅकॉर्मिक, जो अँडरसन. खाली सासूबाईंचा विळा दोऱ्याने टांगणार आहोत.

शेवटचं एक विचारते. फिरता पंखा अजून बसवायचाय. फळ्या काडाला किती उंचीवर लागल्या पाहिजेत?

---

प्रतिसाद: लेथवाला

लोंबीच्या जरा खाली. लोंबीवर लागल्या तर दाणे झडतात, फार खाली लागल्या तर कापलेलं काड पुढे उलटतं. पंख्याचा आस पात्याच्या किंचित पुढे ठेवा, आणि फळीच्या टोकाचा वेग यंत्राच्या चालीपेक्षा थोडा जास्त, म्हणजे काड हळूच मागे, कापलेलं पडायच्या फळीवर लवेल. चार फळ्या पुरेत. पातळ प्लायच्या करा, आणि कडेला जुन्या सुती कापडाची पट्टी लावा.